‘पब्बवात’ आणि विनयातील उपचार

विनयपिटक म्हणजे केवळ भिक्खुसंघाच्या शिस्तीचे नियम, असा समज आपल्याकडे रूढ आहे. महावग्गाचा सहावा खंधक वाचला म्हणजे तो दूर होतो. ‘भेसज्जक्खंधक’ या नावाच्या या प्रकरणात औषधे व उपचार यांची तपशीलवार माहिती येते. त्यातील सांधेदुखीचा भाग आम्ही येथे विचारार्थ घेत आहोत. गुडघे धरल्यामुळे विहारात मांडी घालून बसता येत नाही म्हणून मागच्या मागे उभे राहणारे वृद्ध उपासक-उपासिका आपण पाहतो. आणि ‘हे मागच्या जन्मीचे भोग’ असे उद्गारही कधी कधी त्यांच्याच तोंडून ऐकतो.

आयुष्मान पिलिंदवच्छ यांना ‘अंगवात’ झाला. भगवंतांनी प्रथम ‘सेदकम्म’ म्हणजे घाम आणणारा शेक घेण्याची अनुज्ञा दिली. त्याने गुण आला नाही, तेव्हा ‘संभारसेद’ म्हणजे वनस्पतींच्या पाल्याचा शेक. त्यानेही भागले नाही, तेव्हा ‘महासेद’. इ. स. च्या पाचव्या शतकातील ‘समन्तपासादिका’ या अट्ठकथेत महासेदाची कृती दिली आहे. पुरुषभर खोल खड्डा निखाऱ्यांनी भरावा, त्यावर माती व वाळू पसरावी, वर वातहारक पाने अंथरावीत आणि रुग्णाने अंगाला तेल लावून त्यावर कुशी पालटत पडून राहावे. पुढे ‘भंगोदक’ आणि शेवटी ‘उदककोट्ठक’, म्हणजे गरम पाण्याने भरलेल्या मोठ्या पात्रात बसणे. ‘भंग’ या शब्दाचा अर्थ काही आधुनिक अनुवादकांनी भांग असा केला आहे. अट्ठकथा मात्र नाना प्रकारच्या पानांसह उकळलेले पाणी, असा अर्थ घेते. आम्हांस अट्ठकथेचा अर्थ प्रसंगाशी अधिक जुळणारा वाटतो.

याच पिलिंदवच्छांना ‘पब्बवात’ही झाला. पब्ब म्हणजे पर्व, पेर, सांधा. येथे प्रथम रक्त काढण्याची, आणि तेवढ्याने आराम पडला नाही तेव्हा शिंगाची तुंबडी लावण्याची अनुज्ञा मिळाली. वातविकारावर शिजवलेल्या तेलात मद्य घालण्याचीही वैद्यांच्या सांगण्यावरून सोय झाली. परंतु काही भिक्खूंनी तिचा गैरफायदा घेताच मद्याचा रंग, वास व चव येणार नाही इतकेच ते घालावे, अशी मर्यादा आली. जास्त मद्य पडलेले तेल अंगाला चोळण्यासाठी वापरावे, असे ठरले. चुल्लवग्गात तर जीवक वैद्य वेसाली येथे भिक्खूंसाठी ‘चंकम’ म्हणजे चालण्याची जागा आणि ‘जन्ताघर’ म्हणजे उष्ण स्नानगृह यांची विनंती करतो.

या सर्व प्रसंगांत एक क्रम दिसतो. आधी सौम्य उपाय, गुण पाहणे, मग पुढचा उपाय. कोठेही मंत्र नाही, प्रायश्चित्त नाही. याचे मूळ भगवंतांच्या कारणमीमांसेत आहे. संयुत्तनिकायात मोळियसीवक नावाचा परिव्राजक विचारतो, माणूस भोगतो ते सर्व पूर्वकर्मामुळेच, हे मत खरे काय? भगवंत ते नाकारतात आणि पित्त, कफ, वात, त्यांचा संनिपात, ऋतुबदल, शरीराची विषम निगा, बाह्य आघात व कर्मविपाक अशी आठ कारणे सांगतात. आठांतील एकच कारण कर्माचे आहे. पडून दुखावलेला गुडघा ‘बाह्य आघाता’त मोडेल, हे कोणासही कळेल.

अर्थात पब्बवात म्हणजे आजचा अमुक एक संधिरोग, असे समीकरण मांडणे योग्य नव्हे. रक्त काढणे हा आज सांधेदुखीवरचा मान्य उपाय नाही. इंग्लंडमधील ‘नाइस’ या संस्थेने २०२२ साली सांध्यांच्या झिजेविषयी जे मार्गदर्शन प्रसिद्ध केले, त्यात व्यायाम आणि वजनावरील नियंत्रण यांना मूळ उपचारांचे स्थान आहे. आपण घ्यावयाची ती पद्धत. जुनी कृती नव्हे. सांधा अचानक सुजला, लाल झाला किंवा ताप आला, तर विलंब न लावता डॉक्टरांकडे जावे.

मज्झिमनिकायाच्या सेखसुत्तात कपिलवत्थूच्या नव्या सभागृहात भगवंतांची पाठ दुखू लागली. त्यांनी उपदेशाचे काम आनंदांवर सोपविले आणि स्वतः सभेसमक्ष उजव्या कुशीवर पहुडले. त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. मग विहारातील वृद्ध आईने खुर्ची मागितली, तर तिला संकोच का वाटावा? ती मागण्यापूर्वीच खुर्ची मांडून ठेवणे, हे आपले काम आहे.