मिल्ड्युरा: उपशाच्या पाण्यावरचं शहर

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात, मेलबर्नपासून सुमारे ५५० किलोमीटर आत, मरे नदीकाठी मिल्ड्युरा वसलंय. वर्षाचा पाऊस ३०० मिलिमीटरच्याही आत. तांबडी रेताड जमीन, त्यावर मॅली जातीची खुरटी निलगिरी. ही भूमी लाटजी लाटजी लोकांची. गोऱ्यांनी ती बळकावून मेंढ्या चारल्या. मग दुष्काळाने आणि सशांनी कुरणं खाऊन टाकली. नदी उशाला, पण पात्र खोल आणि जमीन उंचावर. म्हैसाळ योजनेचं पाणी येण्याआधीचं सांगली जिल्ह्यातलं जत ज्यांनी पाहिलंय, त्यांना हे दुखणं ओळखीचं वाटेल.

१८८५मध्ये आल्फ्रेड डीकिन हा व्हिक्टोरियाचा तरुण मंत्री सिंचन पाहायला कॅलिफोर्नियात गेला. (पुढे तो भारतातले कालवेही पाहून गेला आणि ऑस्ट्रेलियाचा पंतप्रधान झाला.) कॅलिफोर्नियात वसाहती उभारणारे जॉर्ज आणि विल्यम चॅफी हे मूळचे कॅनडाचे भाऊ त्याच्या नजरेत भरले. १८८७मध्ये सरकारने त्यांना मिल्ड्युराची अडीच लाख एकर जमीन देण्याचा करार केला. नगराचा आराखडा आधी कागदावर उतरला: मधोमध डीकिनच्या नावाचा ऐसपैस रस्ता, आडव्या रस्त्यांना अमेरिकी थाटाचे आकडे.

पण सगळी मदार पंपांवर होती. जॉर्जने त्यांची रचना स्वतः केली: एका वाफेच्या इंजिनाच्या दांड्यावर ओळीने अनेक पंप. बर्मिंगहॅमच्या टँगी कंपनीने ते घडवले आणि साइकी बेंड इथे ते बसले. नदीचं पाणी आधी किंग्ज बिलाबाँग या जलाशयात चढवायचं, तिथून टप्प्याटप्प्याने वरच्या कालव्यांत.

पाणी चढलं, पण पुरलं नाही. रेताड कालवे झिरपत, गोड्या पाण्यातले शेवंडासारखे यॅबी त्यांना भोकं पाडत. रेल्वे नव्हती, नदी आटली की बोटी थांबत आणि फळं बाजाराला पोचत नसत. १८९३मध्ये बँका बुडाल्या, १८९५मध्ये चॅफींची कंपनी. जमिनीत पैसा घातलेली कुटुंबं पोळली. जॉर्ज अमेरिकेला परतला. विल्यम मिल्ड्युरातच राहिला, स्वतःच्या बागेत राबला. १९०३मध्ये रेल्वे आली आणि १९२०मध्ये तो नगराचा पहिला महापौर झाला. माझ्या लेखी दोघांत मोठा तोच.

गावाला तारलं सुक्या द्राक्षांनी. वाळवलेलं फळ वाटेत नासत नाही. इथले बागायतदार द्राक्षं पोटॅश आणि तेलाच्या थंड पाण्यात बुडवत. त्याने सालीवरच्या मेणाची आडकाठी कमी होते, आतलं पाणी लवकर उडतं. मग ती छपराखाली तारेच्या जाळ्यांच्या मजल्यांवर पसरत. कॅलिफोर्नियात जमिनीवर, उन्हात वाळवण्याची चाल आहे. मिल्ड्युराचा हा सोनेरी बेदाणा सावलीतला. तासगावच्या शेडवर पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइल वापरतात, ती पद्धत हीच.

सिंचनाची दुसरी बाजूही सांगलीकरांना माहीत आहे: क्षारपड. मिल्ड्युरात जमिनीखालचं पाणी मुळातच खारट. वर पाणी सोडत गेलं तसं ते वर आलं, मुळांना भिडलं, नदीत पाझरू लागलं. म्हणून आज मिल्ड्युराच्या आसपास पंप दोन कामं करतात: नदीचं गोडं पाणी बागांकडे चढवायचं, आणि कूपनलिकांतून खारं पाणी उपसून दूरच्या तळ्यांत उन्हाने आटवायचं.