तोफखान्याचे आकाशातले डोळे

गणिताच्या तासाला देवळालीच्या तोफांनी वर्गाची तावदानं थरथरायची, आठवतं? बाई क्षणभर खडू थांबवायच्या. डोक्यावरून जाणाऱ्या हेलिकॉप्टरचं त्या तोफांशी असलेलं नातं मला फार उशिरा कळलं.

टेकडीपलीकडे गोळा कुठे पडला, हे तोफेवरच्याला दिसत नाही. म्हणून दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी तोफखान्याच्या अधिकाऱ्यांनाच छोटी ऑस्टर विमानं उडवायला शिकवली. वैमानिकाला तोफखाना शिकवण्यापेक्षा हे सोपं. (सॉफ्टवेअरमध्ये याच्या उलट करून मी बरेचदा हात पोळून घेतलेत!) वरून शत्रू हेरायचा, नेम चुकला तर वायरलेसवर दुरुस्ती सांगायची आणि निर्णयही तिथल्या तिथे त्या अधिकाऱ्यानेच घ्यायचा. १९४७ मध्ये असं पथक आपल्याकडेही उभं राहिलं. पुढे १ नोव्हेंबर १९८६ रोजी आर्मी एव्हिएशन कोअर स्थापन झाली. तिच्या वैमानिकांचं प्रशिक्षण आपल्या नाशिकलाच होतं.

आपल्या वेळी मुलींना तिथे उड्डाण बंद होतं. मी चौकशी केली, गप्प बसले, इंजिनिअरिंगला गेले. २५ मे २०२२ रोजी कॅप्टन अभिलाषा बराक यांना नाशिकमध्येच वैमानिकाचे विंग्ज मिळाले. ऑफिसात ती बातमी मी दोनदा वाचली आणि मग लेकीला पाठवली.