पोटावरचे डाग

पोटफुगीवर तापलेल्या लोखंडाने पोट डागण्याचा उपचार महाराष्ट्रात जुना आहे. म्हशीच्या रोगासाठी तिच्या पाठीवरच्या पखालीला, म्हणजे पाणी वाहण्याच्या कातडी पिशवीला, डाग देण्याची म्हण ज्या समाजात घडली, त्याला डागणी ही रोजच्या ओळखीची होती. पाऊस बेभरवशाचा आणि आधार मेंढरागुरांचा अशा सोलापूर जिल्ह्यातही, विशेषतः सांगोला-मंगळवेढ्याच्या पशुपालकांत, ती जनावरांवरचा इलाज म्हणून परिचित होती. माणसांच्या बाबतीत लोखंडाची जागा पुष्कळदा बिब्ब्याने घेतली. कपड्यांवर खुणा करण्यासाठी धोबी वापरत असत त्या या फळाच्या दाहक तेलाने कातडीवर फोड उठतात, त्याला बिब्बा उतणे म्हणतात, आणि तान्हेपणी पोटावर काढलेल्या फुलीचा व्रण जन्मभर राहू शकतो.

या प्रथेच्या समर्थनार्थ आयुर्वेदातील अग्निकर्माचा, म्हणजे तप्त साधनाने डागण्याच्या शास्त्रोक्त क्रियेचा, दाखला दिला जातो. तो टिकत नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील बाराव्या अध्यायात त्वचेसाठी पिंपळी व शलाका, मांसासाठी जांबवौष्ठ हे साधन, तर सांधे व हाडांसाठी तापवलेला मध, गूळ आणि स्नेह, असा बारीक भेद केला आहे, आणि त्याच अध्यायात बालक, वृद्ध, दुर्बल, अंतर्गत रक्तस्राव होत असलेला आणि भिन्नकोष्ठ, म्हणजे ज्याच्या उदरातील अवयव फुटले आहेत असा रोगी, यांना डागू नये असे स्पष्ट बजावले आहे. ज्या तान्ह्या मुलांना पुढे शतकानुशतके डाग सोसावे लागले, त्यांनाच शास्त्राने वगळले होते. निषेध विसरला गेला आणि सळई तेवढी उरली.

सोलापुरात १९६३ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, आणि जेथे दवाखाना एस.टी.च्या एका फेरीवर आला तेथे डागणीची गरज उरली नाही. अमरावती जिल्ह्यातील धारणी व चिखलदरा तालुक्यांत, म्हणजे मेळघाटात, मात्र हे अंतर तुटले नाही. तेथील कोरकू समाजात बाळाचे पोट फुगले की भुमका, म्हणजे गावचा पारंपरिक वैदू, किंवा घरातली जाणती बाई तापलेल्या विळ्याने पोटावर डाग देते. त्याला डंबा म्हणतात. फुगलेल्या पोटामागे न्यूमोनिया, जंतुसंसर्ग किंवा कुपोषण असू शकते, त्यांपैकी कशावरही डागाचा उपयोग होत नाही, उलट भाजलेल्या कातडीतून नवा जंतुसंसर्ग शिरतो आणि उपचाराचे मोलाचे तास निघून जातात. यासाठी बाळाच्या आईला दोषी ठरवणे अन्यायाचे आहे, कारण पाड्यावर मध्यरात्री हाकेला येणारा भुमकाच असतो.

अंधश्रद्धाविरोधी कार्यकर्ते नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला आणि अशा प्रकरणांत गुन्हेही नोंदवले गेले. तरीही फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखलदरा तालुक्यातील २२ दिवसांच्या एका आजारी बाळाच्या पोटावर ६५ डाग आढळले.