गाडी सारखी असेल तर

म्हैसूरहून केआरएस धरणाकडे निघालं की मेटगळ्ळीपाशी टायरचा मोठा कारखाना लागतो. जुनी माणसं त्याला अजून ‘विक्रांत’च म्हणतात. १९९७ मध्ये तो जे. के. टायरकडे गेला. म्हैसूरचा आणि वेगाचा संबंध काय असं विचारलंत, तर इथला माणूस आधी यादवगिरीतल्या जावा-येझदीच्या कारखान्याचं नाव घेईल, आणि त्यात चूक काही नाही. पण आपल्या आजच्या विषयाला टायरचा धागा जास्त जवळचा आहे. याच जे. के. टायरच्या महिलांसाठीच्या उपक्रमातून २०१८ साली पुण्याची डायना पुंडोल मोटारशर्यतीत आली. पेशाने शिक्षिका, दोन मुलांची आई. ऑगस्ट २०२४ मध्ये चेन्नईजवळच्या मद्रास इंटरनॅशनल सर्किटवर तिने सलून गटाचं राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं. पुरुषांच्या बरोबरीने खेळून राष्ट्रीय विजेती ठरलेली ती पहिली भारतीय महिला. (वयाने ती माझ्या मुलीसारखी, म्हणून एकेरी बोलतो.)

वर्तमानपत्रांनी ‘पहिली महिला’ एवढंच छापलं. माझ्या मते त्या विजयातली खरी गोष्ट वेगळी आहे, आणि ती कळायला पन्नासेक वर्षं मागे, अमेरिकेत जावं लागतं.

तिथे ‘स्टॉक कार’ नावाचा शर्यतीचा प्रकार आहे. स्टॉक म्हणजे दुकानदाराच्या साठ्यातली, तुम्ही-आम्ही विकत घेतो तशी गाडी. १९ जून १९४९ ला शार्लट इथे नॅसकार संस्थेची अशा गाड्यांची पहिली शर्यत झाली, आणि त्या पहिल्याच शर्यतीत सारा ख्रिश्चन नावाची बाई होती. त्याच वर्षी पिट्सबर्गजवळच्या शर्यतीत ती पाचवी आली. म्हणजे बायका या खेळात मागाहून घुसल्या, हा समज मुळातच खोटा. त्या पहिल्या दिवसापासून होत्या, पुढे दिसेनाशा झाल्या.

जॅनेट गथ्री यांचं नाव येतं ते १९७६ मध्ये. मिशिगन विद्यापीठाच्या भौतिकशास्त्राच्या पदवीधर, विमान कंपनीत संशोधन करणाऱ्या इंजिनिअर. नासाच्या वैज्ञानिक-अंतराळवीर निवडीची पहिली चाळणीही त्यांनी पार केली होती. जुनी जॅग्वार घेऊन, तिचं इंजिन स्वतः खोलून-जोडून त्या शर्यतीला लागल्या. त्या मे महिन्यात इंडियानापोलिसच्या पाचशे मैलांच्या शर्यतीसाठी त्या गेल्या, पण हाताशी असलेली गाडी पुरेशी वेगवान नव्हती. तेव्हा ए. जे. फॉइट या नामवंत चालकाने आपली राखीव गाडी त्यांना सरावापुरती दिली. त्या गाडीत बसल्याबरोबर त्यांनी पात्रतेला पुरेल इतका वेग काढून दाखवला! पण ती गाडी प्रत्यक्ष पात्रता फेरीसाठी काही मिळाली नाही. त्याऐवजी त्या शार्लटला सहाशे मैलांची स्टॉक कार शर्यत धावल्या. ४०० फेऱ्या, साडेनऊशे किलोमीटरांच्या वर, मे अखेरच्या उन्हाळ्यात, बंद गाडीत. पंधराव्या आल्या.

बाईला एवढं झेपेल का, ही शंका चालकांपासून प्रेक्षकांपर्यंत सगळीकडे होती. लष्करात मी हीच शंका वर्षानुवर्षं ऐकली. १९९२ पासून वैद्यकीय सोडून इतर शाखांतही महिला अधिकारी येऊ लागल्या, तरी कायम कमिशनचा प्रश्न सुटायला फेब्रुवारी २०२० मधला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला, आणि तोवर शारीरिक क्षमतेचा मुद्दा काही चर्चेतून हलला नाही.

गथ्रीबाईंनी उत्तर दिलं ते निकालांनी. १९७७ च्या डेटोना शर्यतीत शेवटच्या फेऱ्यांत इंजिनचे दोन सिलिंडर गेले, तरी बाराव्या आणि नवोदितांत पहिल्या. त्याच वर्षी ब्रिस्टलला सहाव्या. त्याच वर्षी इंडियानापोलिसला धावणारी पहिली महिलाही त्याच. पुढच्या वर्षी स्वतःचा संघ उभा करून, मनगट मोडलेलं असताना, तिथे नवव्या. पण शंकेखोराला पळवाट होतीच. जिंकली नाही ना? आणि त्यांच्या बाजूच्याला म्हणता येत होतं, गाडी कुठे चांगली होती? दोघांचंही खोडून काढता येत नव्हतं, कारण प्रत्येकाची गाडी वेगळी आणि गाडी म्हणजे पैसा. प्रायोजक मिळेनात. नॅसकारच्या ३३ शर्यती धावून १९८० नंतर त्यांची कारकीर्द थांबली, ती दमल्यामुळे नव्हे.

आता पुन्हा चेन्नईला या. डायनाच्या गटात सगळ्यांना एकाच बनावटीची गाडी असते, टोयोटा एटिओस. तुमच्या गल्लीत टॅक्सी म्हणून फिरणारी तीच. आतल्या जादा सीट काढलेल्या, एसी नाही, चालकाभोवती लोखंडी नळ्यांचा पिंजरा. टायरही सगळ्यांना सारखे. म्हणजे इंजिनच्या जोरावर कोणी पुढे गेलं, असं म्हणायची सोय जवळजवळ उरत नाही. ब्रेक कुठे मारायचा, वळणात गाडी किती आत घ्यायची, पुढच्याला कुठे गाठायचं, एवढंच हातात राहतं. आणि एक शर्यत जिंकून विजेतेपद मिळत नाही. ते मोसमभराच्या गुणांवर ठरतं, त्यामुळे नशिबाचा भागही बराच गळून जातो. गथ्रीबाईंचा वाद त्यांच्या कारकीर्दीत ज्या कसोटीवर सुटला नाही, ती कसोटी इथे होती.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. आपल्याकडच्या सलून शर्यती थोड्या फेऱ्यांच्या असतात. सहाशे मैलांची दमछाक त्यात नाही, आणि दोघींची तुलना दमाच्या बाबतीत करू नये. डायनाच्या आधी मुंबईची वैमानिक स्नेहा शर्मा, चेन्नईची अलिशा अब्दुल्ला यांनीही पुरुषांमध्ये शर्यती केल्या होत्या. रस्ता त्यांनीही थोडा मोकळा केला.

विजेतेपदानंतर डायनाची निवड आखाती देशांत २०२५ अखेर सुरू होणाऱ्या फेरारी क्लब चॅलेंज मालिकेसाठी जाहीर झाली. तिथे तिची गाडी फेरारी २९६ चॅलेंज. फक्त तिचा खर्च एटिओसच्या कित्येक पट, आणि त्यासाठी दारोदार फिरणं गथ्रीबाईंच्या काळाइतकंच आजही चालकालाच करावं लागतं.