घोड्याचा पोटशूळ : उपचारांची शर्यत

घोड्याला उलटी होत नाही. अन्ननलिका व जठर यांच्या सांध्यावरील स्नायू इतके घट्ट असतात, की जठरात साठलेला वायू वा द्रव तोंडावाटे बाहेर पडत नाही. ताण वाढल्यास जठर फुटू शकते. म्हणूनच पोटशूळ हा घोड्यांसाठी जीवघेणा विकार मानला जातो.

लक्षणे : पायाने जमीन उकरणे, कुशीकडे वळून पाहणे, लोळणे, घाम येणे, लीद थांबणे.

उपचार : प्रौढ घोड्याच्या हृदयाचे ठोके विश्रांतीत मिनिटाला २८ ते ४४ असतात. ते ६० च्या पुढे गेल्यास धोका संभवतो. पशुवैद्यक नाकावाटे नळी घालून जठर रिते करतात. आतड्याला पीळ पडल्यास मात्र काही तासांतच शस्त्रक्रिया करावी लागते.

तज्ज्ञांची गरज : परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ चे. पदवीच्या साडेपाच वर्षांत गाई-म्हशींपासून कोंबड्यांपर्यंत सारेच शिकावे लागते. नळी घालणे, शस्त्रक्रियेचा निर्णय वेळेत घेणे ही कौशल्ये पदवीनंतरच्या प्रशिक्षणातून व सरावातूनच पक्की होतात. शर्यतीच्या घोड्याइतकीच ती माथेरानच्या घोडेवाल्यासाठीही मोलाची. त्याच्या घरची चूल घोड्यावरच पेटते.

दक्षता : पशुवैद्यक येईपर्यंत चारा बंद ठेवावा. परस्पर वेदनाशामक देऊ नये. त्याने दुखणे झाकले जाते, पीळ सुटत नाही.