खलाशांच्या घरातील विधानसभा

आपला यवतमाळ जिल्हा १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेशात होता, राजधानी नागपूर. पुसदचे वसंतराव नाईक १९५२ साली प्रथम निवडून गेले ते तेथील विधानसभेत. पुढे मुंबई आली, आणि तेथील सभागृह म्हणजे मूळचे खलाशांचे वसतिगृह! १८७६ साली पूर्ण झालेली ‘रॉयल अल्फ्रेड सेलर्स होम’ ही इमारत सरकारने १९२८ मध्ये कायदेमंडळासाठी घेतली होती. १९६० नंतर महाराष्ट्रानेही तेथेच २१ वर्षे काढली. जिल्हा परिषद कायदा (१९६१) आणि रोजगार हमी कायदा (१९७७) त्याच काळातले. शाळेला स्वतःची इमारत नाही म्हणून कुरकुरणाऱ्या पालकांनी हे जरूर ध्यानात घ्यावे. नरिमन पॉइंटचे नवे विधान भवन १९८१ साली उघडले; खलाशांच्या घरात पुढे राज्य पोलिसांचे मुख्यालय आले.