वंगणाच्या दोन बादल्या

कोळसाखाणीतल्या डब्यांच्या आसांना वंगण मिळाले नाही तर आस घासून तापतात, चाके जड होतात. एके काळी हे काम लहान मुलांकडे असे. डिसेंबर १९१० मध्ये अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातील बेसी खाणीवर लुईस हाइन यांनी शॉर्पी हिगिनबॉथमचे छायाचित्र काढले. त्याला वंगणाच्या दोन जड बादल्या वाहाव्या लागत. त्याने वय १४ सांगितले, हाइन यांना ते पटले नाही. डब्यांखाली सापडण्याचा धोकाही त्यांनी नोंदवला. शॉर्पी १९२८ मध्ये खाणीतच दगडाखाली चिरडून गेला. बालमजुरीला आळा घालणारा देशव्यापी कायदा १९३८ मध्ये आला. यंत्र कोणी शोधले, हे आपण वर्गात विचारतो. बादल्या कोणी वाहिल्या, हेही विचारायला हवे.